सोलापूरच्या कोरड्या हवेत हंसराज

सोलापुरातील रोपवाटिकांत पावसाळ्याच्या सुमारास एक नाजूक रोप विक्रीस येते. काळ्या, चकचकीत, केसासारख्या बारीक देठांवर फिकट हिरव्या, पंख्याच्या आकाराच्या पानांची दाटी असते आणि वाऱ्याची झुळूक आली की सारे रोप एकदम थरथरते. ग्राहक त्याला ‘मेडनहेअर फर्न’ म्हणतो, विक्रेता नुसते ‘फर्न’ म्हणतो; मराठीत त्याला हंसराज असे सुरेख नाव फार पूर्वीपासून आहे, याची बहुधा दोघांनाही कल्पना नसते. गणेशोत्सवात ते बैठकीच्या खोलीत शोभते, दिवाळीपर्यंत कसेबसे तग धरते आणि होळीच्या आधी त्याचा वाळलेला झुबका कचऱ्यात जातो. दोन-तीन वर्षे असे घडले की घरात निकाल दिला जातो, ‘आपल्या सोलापुरात हे जगत नाही.’

हा निकाल अर्धाच खरा आहे. बाजारात मिळणारे रोप या हवेचे नाही, ही गोष्ट खरी. परंतु त्याच कुळातील एक भावंड दख्खनच्या या कोरड्या पठारावर, जुन्या दगडी विहिरींच्या आतल्या अंगाला, कोणी पाणी न घालता पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहे. ते तेथे कसे जगते हे समजले, तर कुंडीतले का मरते हेही समजते.

प्रथम हवेचा विचार करू. सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही लहरी. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. हंसराजाला पन्नास-साठ टक्क्यांच्या खाली आर्द्रता सोसत नाही. त्याचे पान कागदाहून पातळ असते. कोरफडीसारखी पाणी साठवून ठेवण्याची कोणतीही सोय त्यात नाही. पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी आणि मुळांनी वर पाठविलेले पाणी यांचा मेळ रोजच्या रोज बसला पाहिजे. येथे शिल्लक नावाचे खातेच नाही. मार्चच्या एखाद्या दुपारी खिडकीतून गरम वारा आला की तासाभरात जावक आवकेच्या कितीतरी पुढे जाते, पाने चुरगळतात आणि मग कितीही पाणी घातले तरी तीच पाने पुन्हा उलगडत नाहीत. गृहिणी म्हणते, ‘कालपर्यंत तर चांगले होते.’ तिचे म्हणणे अक्षरशः खरे असते.

आता नावाकडे वळू, कारण या झाडाच्या नावांत त्याचे बरेचसे चरित्र आलेले आहे. ‘ॲडिअँटम’ हे त्याचे शास्त्रीय कुलनाम ग्रीक भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘न भिजणारे’ असा आहे. पानावर पाणी शिंपडले तर ते पारदर्शक मण्यांसारखे गोळा होऊन घरंगळते, पान कोरडेच राहते. ही गोष्ट इसवी सनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने नोंदविलेली आहे. ज्याला हवेत सतत ओलावा हवा, त्याचेच पान पाण्याने भिजत नाही, ही मौज आहे. विहिरीत राहणाऱ्या जातीला कार्ल लिनियस याने 1753 साली ‘ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस’ असे नाव दिले. कॅपिलस-व्हेनेरिस म्हणजे व्हीनस देवतेचे केस. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात जी जात सर्वत्र दिसते ती ‘ॲडिअँटम फिलिपेन्स’. जुन्या ग्रंथांत तिलाच ‘ल्यूनुलेटम’, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची, असे म्हटलेले आढळते. आयुर्वेदात तिला हंसपदी म्हणतात, कारण पानाचा आकार हंसाच्या पावलासारखा. युनानी वैद्यकातील ‘परसियावशां’ हे औषधही याच कुळातले. काष्ठौषधींच्या दुकानात हंसराज मागितला तर काळ्या काड्या आणि चुरडलेली पाने यांचे मिश्रण पुडीत बांधून मिळते. खोकल्यावर त्याचा उपयोग करण्याची परंपरा जुनी आहे. मात्र या एका नावाखाली बाजारात या कुळातील एकाहून अधिक जाती विकल्या जातात, हे व्यापारी मंडळींनी ध्यानात ठेवावे; आणि कुंडीतले परदेशी रोप खुडून काढा करण्याच्या फंदात कोणीही पडू नये.

युरोपातही याचा मोठा व्यापार होता. फ्रान्समध्ये हंसराजाचे पाकात मुरविलेले सरबत तयार होई, त्याला ‘कापियेर’ म्हणत. अठराव्या शतकात ते इंग्लंडच्या कॉफीगृहांपर्यंत पोहोचले. पुढे पुढे त्या सरबतात साखर आणि संत्र्याच्या फुलांचे सुगंधी जल एवढेच उरले. वनस्पती गायब झाली आणि नाव तेवढे चालू राहिले. माल बदलला तरी छाप तीच ठेवण्याची कला कोणा एका देशाची मक्तेदारी नाही.

असो. विहिरीकडे जाऊ.

दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या जुन्या विहिरी वरून रुंद आणि आतून बांधीव असत. दगड घडीव, सांधे चुन्याचे. पाण्याच्या पातळीपासून काही हात वर, जेथे ऊन दिवसातून जेमतेम घटकाभर तिरपे येते, तेथे या सांध्यांतून व्हीनसचे केस लोंबताना दिसत. बाहेर शेतात ढेकळे तापलेली असताना आत मात्र गारवा. खालच्या पाण्याची वाफ वर येत राहते, खोलीमुळे वारा शिरत नाही, दगडातून पाझर चालू असतो आणि जास्तीचे पाणी खाली टपकून जाते, मुळांशी साचत नाही. या जातीला चुना मानवतो; जगभर ती चुनखडीच्या कड्यांवर आणि जुन्या चुन्याच्या भिंतींवर आढळते. म्हणजे विहीर बांधणाऱ्या गवंड्याने नकळत तिच्यासाठीच घर बांधून ठेवले होते.

हे घर आता मोडत चालले आहे. कूपनलिका खोल गेल्या, पाण्याची पातळी त्यांच्यामागे उतरली, आणि जुन्या विहिरींचा पाझर प्रथम मंदावला व मग थांबला. शहराच्या वस्तीत आलेल्या विहिरी राडारोड्याने बुजविल्या गेल्या. ज्यांची दुरुस्ती झाली त्यांपैकी अनेकींना आतून सिमेंटचे अस्तर लागले. त्या गुळगुळीत भिंतीवर मूळ रोवायला फटच राहिली नाही. भिंतीवरचा हंसराज नाहीसा झाला, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पण ज्या विहिरीच्या सांध्यात मे महिन्यातही तो हिरवा आहे, तिचा झरा जिवंत आहे एवढे निश्चित समजावे. गावाकडे ज्यांची शेती व जुनी विहीर अजून आहे, त्यांनी गाळ काढताना भिंती खरवडून स्वच्छ करण्याचा आग्रह धरू नये आणि सांधे भरायचेच असतील तर चुना वापरावा. काम करणारा गवंडी कुरकुर करील. चुन्याचे काम जाणणारे हात आता कमी आहेत. तरीही हा खर्च वाया जाणारा नाही, कारण चुन्याच्या सांध्यांतून पाझर मोकळा राहतो. सोलापूरहून पन्नासएक किलोमीटरवरच्या नळदुर्गला सहलीसाठी पुष्कळ कुटुंबे जातात. तेथील पाणीमहालासारखे जुने बांधकाम पाहताना सावलीतील ओलसर सांध्यांकडेही नजर टाकावी. हात मात्र लावू नये.

कोरड्या भिंतींवरचा आणखी एक नातेवाईक येथे सांगण्यासारखा आहे. मोराच्या तुऱ्यासारखे इवलेसे पान असलेली मयूरशिखा, शास्त्रीय नाव ॲक्टिनिऑप्टेरिस, तापलेल्या किल्ल्यांच्या भेगांतही तग धरते. पाणी संपले की ती मिटून घेते आणि पावसाच्या पहिल्या सरींनी पुन्हा उघडते. कोकण-घाटातील हंसपदीची रीत वेगळी. ती जूनमध्ये उगवते, दिवाळीनंतर पाने टाकून देते आणि जमिनीतले आखूड खोड तेवढे पुढच्या पावसाची वाट पाहत राहते. पश्चिम भारतातील या साऱ्या नेच्यांचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी’आल्मेडा यांनी केला व तो 1922 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दुष्काळाला तोंड देण्याचे हे दोन मार्ग, मिटून घेणे किंवा पाने टाकणे. रोपवाटिकेत मिळणारे रोप बहुतेक वेळा ‘ॲडिअँटम रॅडियॅनम’ असते. ते दक्षिण अमेरिकेच्या ओलसर उष्ण प्रदेशातले, ज्युसेप्पे रॅड्डी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे. त्याला यांपैकी एकही युक्ती पुरती साधत नाही. म्हणून विहिरीचे काम घरमालकाला करावे लागते.

हे काम एका इंग्रज डॉक्टरला अपघाताने साधले होते. नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागात वैद्यकी करी. तेथील धुराने त्याने लावलेली नेची एकामागून एक मरत. 1829 साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून बरणी झाकून ठेवली. कोशाचे राहिले बाजूला. मातीतून एक नेचे आणि थोडे गवत उगवले आणि पाणी न घालता जवळजवळ चार वर्षे टिकले. दिवसा मातीतून निघालेली वाफ काचेवर जमे आणि रात्री पुन्हा मातीत उतरे. या एका निरीक्षणातून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या. 1833 साली अशा पेट्यांतून सिडनीला पाठविलेली रोपे सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. हिंदुस्थानच्या चहाच्या व्यापाराची एक वाट अशी एका नेच्याच्या बरणीतून गेलेली आहे.

आपल्या समाजातील अनेक घरांच्या माळ्यावर दुकानातील जुन्या काचेच्या बरण्या पडून आहेत. गोळ्या-बिस्किटांच्या, लोणच्याच्या, मसाल्याच्या. मार्च ते जून या चार महिन्यांसाठी हंसराजाला याहून चांगला आसरा नाही. रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तळाशी विटेचे बारीक तुकडे व कोळसा, वर हलकी माती. झाकण किंचित किलकिले ठेवावे. बरणी उजेडात असावी, पण उन्हात मुळीच नसावी. उन्हात ठेवलेली बंद बरणी म्हणजे भट्टी होय. अर्ध्या तासात आतले सारे शिजते.

ज्यांना कुंडीतच हौस आहे त्यांनी पुढील व्यवस्था करावी. कुंडी मातीची, फार मोठी नको. तिच्याहून दोन बोटे रुंद अशा दुसऱ्या कुंडीत ती ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती वाळू रोज ओली ठेवावी. घरातील माठाची घडवंची ही उत्तम जागा. माठाच्या अंगातून पाझरणारा गारवा तिला आपोआप मिळतो. पूर्वेकडचा व्हरांडा किंवा जाळीची खिडकी चालते. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, त्याची हवा ओलसर असते, म्हणून कुंडी त्याच खोलीत ठेवावी. मात्र झोत थेट पानांवर येऊ देऊ नये. वातानुकूलित खोली टाळावी, तेथील हवा फार कोरडी असते. त्या यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र बादलीत धरून ठेवावे, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि हंसराजाला ते मानवते.

पाण्याच्या बाबतीत सोलापूरकरांना दोन सूचना द्याव्याशा वाटतात. कूपनलिकेचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे धरू लागली की क्षार साचले असे समजावे. चुना सोसणाऱ्या जातीलाही इतर क्षारांचा हा थर सोसत नाही. दुसरे म्हणजे, शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी झाडांना घालण्याची चाल हल्ली घरोघरी आहे. हेतू काटकसरीचा आणि स्तुत्य. पण यंत्राने वेगळे काढलेले सर्व क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी धुण्यास वापरावे, हंसराजाला कदापि नाही. नळाचे पाणी आपल्याकडे रोज येत नाही, त्यामुळे साठवण असतेच. ते दिवसभर उघड्या भांड्यात राहिले की क्लोरिन निघून जातो. पागोळीचे पाणी झाकून ठेवले असेल तर सर्वांत उत्तम. रोज लहानसा तांब्याभर पाणी पुरते. माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली असावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात.

मातीत अर्धा भाग कुजलेला पालापाचोळा, बाकी नारळाचा भुसा, जाड वाळू आणि थोडा कोळसा. आपली काळी माती यात चिमूटभरही नको. ती ओली असता चिकटते, सुकली की भेगाळते आणि दोन्ही वेळा बारीक मुळांचा जीव घेते. ताजे शेणखत व रासायनिक खतांचा मारा यांचाही मोह टाळावा. नवीन आणलेले रोप हे दमट शेडमध्ये वाढलेले असते. त्यावर पहिले पंधरा दिवस पातळ पिशवी सैलसर घालून ती रोज थोडी थोडी अधिक वेळ काढावी; सासरी आलेल्या मुलीला घराची सवय होऊ द्यावी लागते, त्यातलाच हा प्रकार.

आणि तरीही पाने वाळली तर? रोप फेकू नये. बहुतेक कुंड्या येथेच मरतात, म्हणजे मारल्या जातात. वाळलेले सर्व देठ मातीच्या लगत कात्रीने कापावेत, कुंडी सावलीत ओलसर ठेवावी आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी. खोड जिवंत असेल तर मातीतून व्हायोलिनच्या टोकासारखी गुंडाळलेली तांबूस कोवळी पाने डोके काढतात. या दिवसांत पाणी कमी लागते. काळजीपोटी दुप्पट घालणारे हात रोखावे लागतात.

दुसरा सार्वत्रिक गैरसमज पानाच्या पाठीचा. पूर्ण वाढलेले पान उलटून पाहिले की काठाशी तपकिरी रेघा दिसतात. कीड पडली म्हणून कोणी ती पाने तोडतो, कोणी औषध फवारतो. वस्तुतः ती झाडाची प्रजा होय. पानाची कडा किंचित मागे दुमडलेली असते आणि त्या घडीच्या आत बीजाणू तयार होतात. हंसराजाच्या कुळाची हीच खूण आहे. या रेघा काठाशी, ठरावीक अंतरावर, शिस्तीत असतात. खरी खवले-कीड देठावर, शिरांवर, कशीही विखुरलेली असते आणि चिकट लागते. ज्या घरांत कीटकनाशक वर्ज्य मानले जाते त्यांची येथे अडचण होत नाही. फवाऱ्याने हंसराजाची पानेच करपतात. कीड आलेले पान कापून दूर, झाडाझुडपांत नेऊन ठेवावे, एवढाच मार्ग योग्य आहे.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग वंश चालतो कसा, हे कोडे शास्त्रज्ञांना शतकानुशतके सुटले नव्हते. बीजाणू मातीवर पडला की त्यातून हंसराज उगवत नाही. उगवते ते नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराचे हिरवे चपटे पापुद्रे. त्यांच्या खालच्या अंगाला नर व मादी अवयव असतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाते आणि मीलनानंतर त्या पापुद्र्यातून खरा हंसराज वर येतो. 1844 मध्ये नेगेली याला त्यातील नर अवयव दिसले, 1848 मध्ये सुमिन्स्की याला मादी अवयव. या दोन आयुष्यांची सांगड घालून सर्व वनस्पतींना लागू पडणारा नियम मांडला तो विल्हेल्म हॉफमाइस्टर याने, 1851 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता. लाइपझिग येथे वडिलांचे पुस्तकांचे व संगीतलिपीच्या प्रकाशनाचे दुकान होते, तेथे तो बसे. दृष्टी इतकी अधू की वस्तू डोळ्यांशी धरावी लागे. पहाटे उठून, दुकान उघडण्यापूर्वी, तो सूक्ष्मदर्शकाखाली हे काम करी. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या व्यापाऱ्याला 1863 साली हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापक म्हणून बोलावून घेतले.

तो प्रयोग आज कोणत्याही घरात, शाळकरी मुलांनाही करता येतो. तपकिरी रेघा असलेले एक पान कोऱ्या कागदाच्या घडीत घालून दोन दिवस वहीखाली ठेवावे. कागदावर दालचिनीच्या पुडीसारखी धूळ पडते; त्यातील प्रत्येक कण एक बीजाणू. भाजलेल्या नव्या विटेचा तुकडा पसरट भांड्यात, तळाशी बोटभर पावसाचे पाणी घालून, ठेवावा. वीट पूर्ण ओली झाली की ती धूळ वरून विरळ झटकावी, काचेचे भांडे पालथे घालावे आणि उत्तरेकडच्या खिडकीत ठेवून द्यावे. जूनमध्ये हे केले तर जुलैअखेर विटेवर हिरवी छटा येते, श्रावणात बदामी पापुद्रे ओळखू येऊ लागतात. त्या दिवसांत वीट पृष्ठभागापर्यंत ओली आहे ना, एवढेच पाहायचे, कारण नरपेशीला पोहायला पाणी हवे. दिवाळीच्या आगेमागे त्या पापुद्र्यांतून केसाएवढा देठ आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढे, पंख्याच्या आकाराचे पहिले पान वर येते.